पिंपळे सौदागरचीं शेतें

गेल्या मार्गशीर्षांत मी कन्येकडे चार दिवस राहावयास गेलों होतों. तिचें बिऱ्हाड पुण्याच्या वायव्येस, पवनेच्या कांठीं, पिंपळे सौदागर येथें एका उत्तुंग इमारतीच्या नवव्या मजल्यावर आहे. तिला तें नांव पत्त्यापुरतें. मला मात्र जुन्या परिचयाचें. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान ह्यांनीं ह्याच गांवाची बारकाईनें पाहणी करून 1917 सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील हिशेब मी वर्गांत फळ्यावर लिहून दाखवीत असें: 1771 सालीं एका खात्याची जमीन सरासरी 40 एकर, 1818 सालीं साडेसतरा, आणि 1914-15 सालीं अवघी 7. नदी तीच, शिवार तेंच. वांटे मात्र वाढत गेले. आणि वांटे तरी कसे? प्रत्येक भावास प्रत्येक शेतांतला तुकडा! समतेची ही हौस नांगरास परवडत नाहीं.

सकाळीं मी बांध शोधावयास निघालों. पुष्कळ हिंडलों, एकहि दिसला नाहीं. जुन्या वस्तींतील एका देवळाच्या पारावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. मी कोठें उतरलों हें कळतांच ते म्हणाले, “गुरुजी, तुमची लेक राहती तिथंच आमचं रान होतं. आम्ही चौघं भाऊ, अडीच एकर. वाटून घ्यावं तर बैल वळंना, न वाटावं तर रोज भांडण. शेवटी विकलं.”

“आणि भाऊ?” मीं विचारलें.

ते नदीकडे पाहूं लागले.

असे तुकडे पडूं नयेत म्हणून मुंबई इलाख्यांत 1947 सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडण्यास त्यानें मनाई केली; परंतु वारसांच्या जन्मास मनाई कोण करणार? जमीन एक राहिली आणि सातबाऱ्यावरील नांवें वाढलीं.

माझ्या पिशवींत असाच एक सातबारा होता. संगमेश्वर तालुक्यांतील आमची पावणेतीन एकर भातजमीन. तीवर नांवें सतरा, कसणारा एक, माझा पुतण्या. विहिरीकरितां कर्ज मागावयास जावें तर सर्वांच्या सह्या हव्यात. त्यांतले तिघे परदेशीं, दोघे परलोकीं! म्हणून ज्यांस शेती करणें नाहीं त्यांनीं आपला हिस्सा हक्कसोडपत्रानें पुतण्यास द्यावा आणि त्यानें दरसाल प्रत्येक घरीं तांदूळ पोंचवावे, असें आम्हां वडील मंडळींनीं ठरविलें होतें.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो मसुदा मीं कन्येपुढें ठेविला. उताऱ्यावर नांव माझें असलें तरी 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतींत कन्येसहि पुत्राप्रमाणें जन्मतः हक्क आहे. मिताक्षरेंतील दायविभाग मीं तरुणपणीं वाचला होता. त्यांतलें ‘जन्मतः’ आपल्या कन्येस कधीं लागूं होईल, हें तेव्हां मनांत आलें नव्हतें.

तिनें कागद दोनदां वाचला. “बाबा, मी सही करीन. मला हिस्सा नको. पण हें ठरवितांना आम्हां मुलींपैकीं एकीला तरी विचारलें होतें का?”

“नाहीं.”

“आणि उद्यां दादानेंच जमीन विकावयाची म्हटलें तर?”

मसुद्यांत त्याविषयीं एक अक्षरहि नव्हतें. तिनें माझ्या खिशांतलें पेन घेतलें आणि समासांत लिहावयास आरंभ केला.