लांछनांच्या देशात : केनियाच्या सहलीचा बेत

कोल्हापूरच्या माणसाला रान आणि समुद्र यांचे अप्रूप नसते. सकाळी निघाले तर दुपारच्या आत दाजीपूर गाठता येते, आणि गगनबावड्याहून करूळचा घाट उतरला की कोकण सुरू होते. 1958 साली संरक्षण मिळालेल्या राधानगरीच्या जंगलात गव्यांचा कळप पाहावा, दुसऱ्या दिवशी मालवणच्या वाळूत मुलांना मोकळे सोडावे आणि वाटेत देवदर्शन करून घरी परतावे, ही आपल्याकडील कित्येक कुटुंबांची सुटीची ठरलेली रीत. मग स्थळे, वन्यजीवन आणि सागरकिनारा या तिन्ही गोष्टींसाठी परदेशी का जावे, असा प्रश्न आमच्या घरी निघाला तो सासूबाईंकडूनच. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर शोधता शोधताच आमच्या सहलीचा बेत आकाराला आला. असाच विचार करणाऱ्या कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून तो येथे मांडत आहे.

प्रथम श्रीलंकेचा विचार झाला. ते जवळ आहे, खर्च बेताचा आहे आणि हत्ती, प्राचीन नगरे व समुद्र असे तिन्ही एकाच बेटावर मिळतात. घरात फार वृद्ध किंवा फार लहान मंडळी असतील, त्यांनी तोच पर्याय निवडावा. आमचे मन मात्र केनियाकडे वळले. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तासांत नैरोबी येते, घड्याळ अडीच तास मागे लावायचे एवढाच काय तो फरक. जानेवारी 2024 पासून तेथे व्हिसाऐवजी आगाऊ ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. आणि तो देश आपल्याला वाटतो तितका परका नाही.

कोल्हापूरचा आणि आफ्रिकेचा एक जुना संबंध आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याचा शौक कोल्हापूर संस्थानात होता. देशी चित्ता दुर्मिळ झाल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. त्या काळच्या छायाचित्रांत गाडीवर बसविलेले, डोळ्यांवर टोपी चढविलेले ते देखणे बंदिवान दिसतात. 1952 साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 2022 साली नामिबियातून आणलेले चित्ते कुनोच्या जंगलात सोडण्यात आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला नवलाई म्हटले. कोल्हापूरने आफ्रिकी चित्ता त्याआधी पाऊणशे वर्षांपूर्वीच पाहिला होता, पण साखळीला बांधलेला. त्याच चित्त्याला त्याच्या स्वतःच्या माळावर, कोणाच्याही आज्ञेवाचून चालताना मुलांनी पाहावे, असे आम्हांला वाटले. केनियाने 1977 साली शिकारीच्या खेळावर बंदी घातली, ही गोष्टही आमच्या निर्णयात महत्त्वाची ठरली.

दुसरा संबंध आपल्या समाजाचा. संवत 1956 च्या छप्पनिया दुष्काळाच्या सुमारास हालार प्रांतातील, म्हणजे जामनगरच्या आसपासच्या खेड्यांतील ओसवाल तरुण गलबतातून मोंबासाला उतरू लागले. त्याच काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे घातली जात होती. 1896 ते 1901 या वर्षांत तीस हजारांहून अधिक हिंदी मजूर त्या कामावर गेले, आणि सुमारे अडीच हजार तेथेच मातीला मिळाले. रेल्वेच्या मागोमाग दुकाने गेली. म्हणूनच स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’ म्हणतात. चहा आणि चपाती तर जशीच्या तशी. ‘सफारी’ हा शब्दही आपल्या ‘सफर’चाच अरबी भाऊबंद आहे. मोंबासाच्या जुन्या भागात 1963 साली उभारलेले शुभ्र संगमरवरी जैन मंदिर भारताबाहेरच्या पहिल्या शिखरबंद जैन मंदिरांत गणले जाते. नैरोबीतही ओसवाल समाजाची मंदिरे व शाळा आहेत. आपण दक्षिण महाराष्ट्रातील, ते सौराष्ट्रातले. परंपरा थोडी निराळी असली तरी परमुलखात णमोकार मंत्राचे स्वर कानी पडल्यावर तो भेद कितीसा उरेल?

बेताचा सर्वांत अवघड भाग काळ ठरविण्याचा होता. केनियाची कीर्ती मासाई मारातील स्थलांतरामुळे आहे. दहा लाखांहून अधिक रानगवे, ज्यांना तिकडे ‘न्यू’ म्हणतात, जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियाकडून येतात आणि मारा नदी ओलांडतात. नदीत मगरी दबा धरून असतात, काठावर सिंह असतात. नववीत शिकणाऱ्या आमच्या मुलाला नेमके तेच पाहायचे होते. पण हा आपल्या चातुर्मासाचा काळ. भाद्रपदातील पर्व, व्रते, उपवास, मुनिमहाराजांचा चातुर्मास गावात असेल तर त्याची व्यवस्था, हे सारे सोडून घरातील वडीलधारी मंडळी निघणार नाहीत आणि निघूही नयेत. आपल्या शाळांची मोठी सुटी एप्रिल-मे महिन्यांत, तर मार्च ते मे हा तिकडचा मोठा पावसाळा. दिवाळीत निघावे तर ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत लहान पावसाळा. राहिला डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जानेवारीचा आरंभ. हवा कोरडी, किलिमांजारो स्वच्छ दिसण्याची शक्यता चांगली आणि किनाऱ्यावर ईशान्येचे ‘कास्काझी’ वारे. याच वाऱ्यांवर शतकानुशतके आपल्याकडची गलबते आफ्रिकेला जात. नाताळामुळे दर चढे असतात, म्हणून सहा महिने आधी नोंदणी करावी, एवढी एकच अडचण. स्थलांतर पाहायचे नसल्याने मारा वगळले आणि अंबोसेली व त्सावो निवडले. त्यामुळे किनारा वाटेवरच आला आणि अंतर्गत विमानप्रवासाचा खर्चही टळला.

मुलगा नाराज झाला, हे सांगायलाच हवे. त्याच्या नाराजीतूनच या सहलीचा खरा प्रश्न पुढे आला. पशूने पशूला मारताना पाहण्यासाठी एवढ्या दूर जावे का? सासूबाईंनी त्याला प्रवचन दिले नाही. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि घडत असता तिला अनुमोदन देणे, हे तिन्ही आपल्या आचारात सारखेच वर्ज्य आहे, याची त्यांनी त्याला आठवण दिली आणि विचारले, “सिंह भूक लागली म्हणून मारतो. तू कशासाठी बघणार?” मुलाकडे उत्तर नव्हते, पण आम्हां मोठ्यांकडे तरी कुठे होते? सिंहाला दोष देता येत नाही. भगवान महावीरांचा जीवच एका पूर्वभवी सिंह होता आणि मुनींच्या उपदेशाने त्याला सम्यक्त्व लाभले, ही कथा आपण मुलांना सांगतोच. दृश्य समोर आले तर डोळे मिटण्याचे कारण नाही. पण ते घडावे म्हणून वाट पाहणे, गाडी तिकडे पळविणे, टाळ्या पिटणे, यात अनुमोदना आहे. येथे व्यवहार आणि धर्म एकच सांगतात. चित्ता दिवसा शिकार करतो, आणि गाड्यांचा गराडा पडला की त्याचे सावज हुकते, पिले उपाशी राहतात. म्हणून गाडीवाल्याला आम्ही आधीच लेखी कळविले आहे : प्राण्यांपासून अंतर ठेवावे, रस्ता सोडू नये, शिकारीच्या मागे धावू नये, बक्षिसी मात्र पूर्ण मिळेल.

मुलाच्या हाती आम्ही दुसरे एक काम दिले आहे. केनियात ‘बिग फाइव्ह’ नावाची यादी प्रत्येक प्रवाशाला ऐकविली जाते : सिंह, हत्ती, गेंडा, रानम्हैस आणि बिबट्या. ही यादी निसर्गप्रेमींची नव्हे, शिकाऱ्यांची. पायी जाऊन मारण्यास सर्वांत धोक्याचे ते हे पाच. आता आपली यादी पाहा. सिंह हे महावीरांचे लांछन, हत्ती अजितनाथांचे, गेंडा श्रेयांसनाथांचे, महिष वासुपूज्यांचे. शिकाऱ्यांच्या पाचांपैकी चार आपल्या मंदिरांत पादपीठावर कोरलेले आहेत! एकाने ज्यांना बंदुकीच्या नेमासाठी मोजले, त्यांनाच दुसऱ्याने तीर्थंकरांच्या चरणांशी स्थान दिले. पुष्पदंतांची मगर त्सावोत भेटेल, शांतिनाथांच्या हरिणाचे दूरचे आप्त जागोजागी दिसतील, मुनिसुव्रतांचे कासव व नेमिनाथांचा शंख समुद्रावर. बस्तीत रोज दर्शन घेऊनही मुले ही चिन्हे पुरती ओळखत नाहीत. या निमित्ताने मुलाने आणि त्याच्या धाकट्या चुलत बहिणीने चोवीस लांछनांची वही तयार केली आहे. जे दिसेल त्यापुढे स्थळ आणि दिनांक लिहायचा.

आहाराची व्यवस्था अवघड नाही, पण ती घरूनच करावी लागते. विषुववृत्ताजवळ असल्याने केनियात सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास मावळतो, आणि तेथील निवासांत रात्रीचे जेवण साडेसात-आठला असते. संध्याकाळची फेरीही नेमकी त्याच वेळी संपते. म्हणून आम्ही क्रम बदलला. पहाटे उजाडताच लांब फेरी, कारण त्या वेळी प्राणी जास्त दिसतात, दुपारी विश्रांती, पुढे छोटी फेरी आणि साडेपाचला जेवण. अशा लवकर जेवणाची आणि कांदा, लसूण, बटाटा, गाजर, अंडे वर्ज्य असल्याची विनंती प्रत्येक निवासाला नोंदणीच्या वेळीच कळवावी. मक्याच्या पिठाची ‘उगाली’, उसळी, चपाती आणि फळे तेथे विपुल आहेत. पालेभाजीत कांदा असतो, तो नको म्हणून आधी सांगावे. घरून खाकरा, भडंग, चटण्या न्याव्यात. पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नव्हे. केनियाने 2017 साली प्लास्टिक पिशव्यांवर कडक बंदी घातली आहे आणि 2020 पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि गाळण्याचे स्वच्छ वस्त्र, अशी आपली जुनी शिदोरी तेथे उपयोगी पडेल.

आरोग्याबाबत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली असावी लागते. ती केवळ सरकारमान्य केंद्रांत मिळते. ही लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढविलेल्या विषाणूपासून तयार होते. हे तत्त्वाच्या दृष्टीने ज्यांना अडचणीचे वाटेल, त्यांनी तिकिटे काढण्यापूर्वीच घरात विचार करावा. साठीपुढील व्यक्तींनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय ती घेऊ नये. हिवतापाच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांनाच विचारावे.

आता मार्ग. नैरोबीत दोन दिवस. शहराला लागूनच 1946 साली स्थापन झालेले केनियातील पहिले राष्ट्रीय उद्यान आहे. उंच इमारतींच्या पार्श्वभूमीवर तेथे गेंडे चरतात. तेथेच हत्तींच्या अनाथ पिलांचे शेल्ड्रिक संगोपनगृह आहे. हस्तिदंतासाठी आई मारली गेली किंवा दुष्काळात हरवली, अशी पिले बाटलीने दूध पाजून वाढवितात आणि पुढे त्सावोच्या रानात सोडतात. आपल्याकडील पांजरपोळांची परंपरा जाणणाऱ्यांना तेथे परके वाटणार नाही. भेटीची वेळ आधी ठरवावी लागते.

पुढे दोन रात्री अंबोसेली. 5895 मीटर उंचीच्या किलिमांजारोच्या पायथ्याशी, दलदलीत पोटापर्यंत उभे असलेले हत्तींचे कळप. 1972 पासून संशोधक येथील हत्तींची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नावानिशी ओळखतात. कळपाचे नेतृत्व ज्येष्ठ मादीकडे असते. सासूबाईंना ही माहिती फार आवडली! त्यानंतर तीन रात्री त्सावो. 1948 साली संरक्षित झालेली त्सावोची पूर्व आणि पश्चिम अशी दोन उद्याने मिळून सुमारे 22 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळजवळ तिप्पट. पश्चिम भागातील म्झिमा झऱ्यांच्या नितळ पाण्यात पाणघोडे दिसतात. पूर्व भागात लाल माती अंगावर उधळून तांबडे झालेले हत्ती. 1898 साली रेल्वेच्या पुलावर काम करणाऱ्या आपल्या मजुरांवर दोन सिंहांनी हल्ले केले, ते याच त्सावोत.

शेवटचे चार दिवस किनाऱ्यावर. मोंबासात मंदिराचे दर्शन आणि पोर्तुगीजांनी 1593 नंतर बांधलेला जीझस किल्ला. त्याचा कारभार गोव्याहून चाले, त्यामुळे आपल्याला त्याची बांधणी ओळखीची वाटेल. मग डियानीची पांढरी वाळू. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या प्रवाळावर चालू नये, कारण पायाखाली असंख्य जीव असतात. आणि विकायला येणारे शंख-शिंपले घेऊ नयेत. विवाहमंडपाशी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून माघारी वळलेल्या नेमिनाथांचा शंख वहीत लिहावा, पेटीत भरून आणू नये. परतीला मोंबासा-नैरोबी रेल्वे. 2017 साली सुरू झालेली ही गाडी पाच-सहा तासांत त्सावोच्या मधूनच नेते आणि खिडकीतून हत्ती दिसू शकतात.

निघण्यापूर्वी एक सूचना. मुलांना आधी दाजीपूरला न्यावे, वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिले समुद्राकडे जाताना दाखवावीत. गप्प बसणे, वाट पाहणे, काही न दिसताही आनंदाने परतणे, हे घराजवळ शिकून घ्यावे. आमचा मुलगा गेल्या महिन्यात राधानगरीला तीन तास बसला. गवा दिसला नाही, शेकरू दिसले. वहीत त्याला जागा नव्हती, म्हणून त्याने पंचविसावे पान उघडले.