‘पण’नंतरचे वाक्य

अमेरिकेतील बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, जवळजवळ दररोज. त्यांपैकी साठएक सामने उत्तम संघही हरतो आणि साठएक सामने बऱ्यापैकी दुबळा संघही जिंकतो. चांगला संघ कोणता आणि वाईट कोणता, याचा निकाल उरलेल्या चाळीसेक सामन्यांत लागत असतो. त्यामुळे या खेळाच्या चाहत्याला एक मोठी सोय लाभते आणि तितकेच मोठे संकटही. आज हरले तरी उद्या सामना असतोच. आणि आज जिंकले तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. गेल्या दहा सामन्यांपैकी सात जिंकले, तर ती सुधारणा मानायची की योगायोग? संख्याशास्त्रज्ञ या प्रश्नाचे उत्तर आपल्या पद्धतीने देतील. मी भाषेचा अभ्यासक. माझे कुतूहल असे, की वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघाचा चाहता हे उत्तर स्वतःला कोणत्या शब्दांत देतो?

हा प्रश्न मला सुचला तो पिट्सबर्ग येथे. २०१२ च्या ऑगस्टपासून सुमारे चौदा महिने अभ्यासवृत्तीच्या निमित्ताने मी त्या शहरात राहत होतो. अलेघेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्यांचा तेथे संगम होतो आणि तेथूनच ओहायो नदी वाहू लागते. एके काळी पोलादाची राजधानी मानले गेलेले हे शहर. १९८० च्या दशकात तेथील कारखाने एकामागून एक बंद पडले. होमस्टेडचा अवाढव्य कारखाना १९८६ साली बंद झाला. कामगारांची मुले पोटापाण्यासाठी दूरच्या राज्यांत निघून गेली. मी ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्याच्या शेजारी असेच एक निवृत्त पोलाद-कामगार राहत. वय सत्तरीच्या पुढे. पत्नी वारलेली, एकुलता मुलगा टेक्सासमध्ये स्थायिक. अंगणातल्या खुर्चीत बसून रेडिओवर पायरेट्स या स्थानिक संघाच्या सामन्यांचे धावते वर्णन ऐकणे हा त्यांचा संध्याकाळचा नेम होता.

मी भारतातून आलो आहे असे कळताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांच्याविषयी. उत्तर प्रदेशातील या दोन भालाफेकपटूंना एका स्पर्धेतून निवडून बेसबॉल शिकवण्यात आले आणि २००८ च्या अखेरीस पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले, हे आपणांपैकी काहींना चित्रपटामुळे ठाऊक असेल. मुख्य संघापर्यंत ते दोघे पोहोचले नाहीत. परंतु ज्या संघाकडे हरण्याशिवाय काही नव्हते, त्याच्या या चाहत्याने क्रिकेटच्या देशातून आलेल्या दोन भालाफेक्यांवरही काही महिने आशा ठेवली होती. तशी ती त्यांनी आणखी कशाकशावर ठेवली होती, हे पुढे हळूहळू समजत गेले.

संघाची कुंडली थोडक्यात सांगतो. १४ ऑक्टोबर १९९२ रोजी, राष्ट्रीय लीगच्या अजिंक्यपदाच्या सातव्या व निर्णायक सामन्यात, अटलांटाविरुद्ध पायरेट्स नवव्या डावापर्यंत २-० ने पुढे होते. त्या एका डावात तीन धावा गेल्या. शेवटची धाव दुसऱ्या बेसवरून धावत आलेल्या सिड ब्रीमने काढली. दुखऱ्या गुडघ्यांचा, संथ धावणारा हा खेळाडू दोनच वर्षांपूर्वी पायरेट्सचा होता. त्यानंतर बॅरी बाँड्ससारखा फलंदाज संघ सोडून गेला आणि १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस हंगाम पायरेट्सने जिंकले त्याहून अधिक सामने हरले. अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब मालिका कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेली नव्हती. २०१० मध्ये तर त्यांनी १०५ सामने गमावले.

मी तेथे पोहोचलो तेव्हा मात्र आनंदाचे वातावरण होते. ८ ऑगस्ट २०१२ अखेर संघाचे ६३ विजय आणि ४७ पराभव झाले होते. उरलेल्या ५२ सामन्यांपैकी अर्धे जिंकले असते तरी वीस वर्षांचे ग्रहण सुटले असते. त्यांनी १६ जिंकले आणि ३६ हरले. ही घसरण आणि माझे आगमन यांचा मुहूर्त एकच असल्याचे माझ्या लक्षात आले होते. इंग्रजीत ‘पायगुण’ या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही, याचे एरवी मला वैषम्य वाटले असते. त्या दिवसांत बरेच वाटले.

आदल्या वर्षीही असेच घडले होते. २०११ च्या जुलैअखेर संघ आपल्या गटात संयुक्तपणे पहिला होता. मग अटलांटा येथे १९ डाव आणि साडेसहा तासांहून अधिक काळ चाललेला एक सामना पंचांच्या एका निर्णयाने गेला. तो निर्णय चुकीचा होता हे लीगने दुसऱ्या दिवशी मान्यही केले. त्यानंतर संघ जो कोसळला, तो ९० पराभवांवर जाऊन थांबला. असे दोनदा पोळलेला माणूस तिसऱ्या वर्षी काय म्हणेल? २०१३ च्या एप्रिलमध्ये शेजारचे गृहस्थ म्हणाले, “गेल्या वर्षी आपण पडलो, पण ७९ जिंकले.” त्यांच्या मुलाचे दूरध्वनीवरचे वाक्य होते, “७९ जिंकले, पण पडलोच.”

विद्यार्थी मित्रहो, ‘पण’ हे न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय आहे, हे आपण व्याकरणाच्या घटकात वाचले असेल. मला ते नाव अपुरे वाटते. ओस्वाल्ड ड्युक्रो या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने याच अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा बारकाईने विचार केला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : अशा अव्ययाच्या दोन्ही बाजूंची विधाने खरी असतात, बोलणाऱ्याचा कल मात्र नंतरच्या विधानाकडे असतो. पहिले विधान मान्य केले जाते, दुसऱ्यावर माणूस उभा राहतो. बाप-लेकांपाशी माहिती तीच होती. कोणी खोटे बोलत नव्हते, कोणी आकडे लपवत नव्हते. आशावादी आणि निराश माणसाला जग वेगवेगळे दिसते असे आपण समजतो. निदान या घरात तरी फरक होता तो ‘पण’नंतर काय ठेवायचे, एवढाच.

दुसरी गंमत सर्वनामाची. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद मराठीत आहे : ऐकणाऱ्याला वगळायचे तर ‘आम्ही’, सामावून घ्यायचे तर ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द. पिट्सबर्गच्या बोलीत मध्यमपुरुषी अनेकवचनासाठी ‘यिन्झ’ असे खास सर्वनाम आहे, स्कॉटिश-आयरिश वसाहतकारांकडून आलेले. प्रथमपुरुषाची अडचण मात्र तिथेही कायम. सामन्याविषयी ते गृहस्थ माझ्याशी बोलू लागले, की मी मनातल्या मनात भाषांतर करत असे आणि दरवेळी अडखळत असे. “काल हरलो” यात मी आहे की नाही? जूनच्या सुमारास ते मला म्हणाले, “उद्या आपला पिचर चांगला आहे.” हे ‘आपला’ माझेच भाषांतर, हे खरे, पण त्या दिवशी दुसरा पर्याय मनात आला नाही.

त्यांचे आणि त्यांच्या मुलाचे मात्र एवढे एकच ‘आपण’ उरले होते. मुलगा घर सोडून गेला त्याला पंचवीस वर्षे झाली होती. दोघांत भांडण नव्हते, बोलण्यासारखे फारसे काही नव्हते. रोजच्या दूरध्वनीचा विषय एकच, संघ. संघ चांगला खेळत असला की वीस मिनिटे बोलणे होई, ऑगस्ट-सप्टेंबरात पडझड सुरू झाली की ते आटत आटत “हरले का?” “हरले.” इथपर्यंत येई. हे त्यांनी मला सांगितले ते तक्रारीच्या सुरात नव्हे, पावसाळ्यात ओढ्याचे पाणी वाढते-कमी होते असे कोणी सांगावे तसे. त्यामुळे संघ सुधारला आहे की नाही, हा त्या घरात करमणुकीचा प्रश्न नव्हता.

सुधारला होता का? मला वाटते, २०१३ ची आशा आणि आधीच्या दोन वर्षांची आशा यांत एक फरक होता, आणि तो नुसत्या विजयांच्या संख्येचा नव्हता. आधीच्या आशेपाशी आकडे होते. या आशेपाशी कारण होते. संघाने क्षेत्ररक्षकांना परंपरागत जागी उभे करण्याऐवजी, प्रत्येक फलंदाजाचे फटके पूर्वी कोठे कोठे गेले त्याची नोंद पाहून उभे करण्यास सुरुवात केली होती. चेंडू जमिनीलगत मारला जाईल असा खाली बसणारा मारा करण्यावर पिचर भर देत होते. न्यूयॉर्कहून रसेल मार्टिन हा कॅचर आला होता. त्याची कला अशी, की काठावरचा चेंडू तो इतक्या स्थिर हाताने झेली, की पंच त्यास स्ट्राइक ठरवत. यांतले काहीही डोळ्यांत भरणारे नाही. होम रन मारणाऱ्याचे नाव गाजते. योग्य जागी उभ्या राहिलेल्या क्षेत्ररक्षकाचे नाव कोणी विचारत नाही. पण परिणाम पाहा. २०१२ मध्ये पायरेट्सने ६५१ धावा काढल्या होत्या आणि ६७४ दिल्या होत्या. २०१३ मध्ये काढल्या ६३४, म्हणजे आधीपेक्षाही कमी. दिल्या मात्र ५७७. मिळवण्यात वाढ झाली नाही, गमावण्यात घट झाली. संसाराचा हिशेब मांडणाऱ्या कोणालाही ही सुधारणा लगेच उमगेल.

बिल जेम्स या बेसबॉलच्या विश्लेषकाचे एक सूत्र आहे. काढलेल्या धावांचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, यावरून संघाने किती सामने जिंकायला हवे होते याचा अंदाज येतो. त्या सूत्राने पायरेट्सचे त्या वर्षीचे विजय ८८-८९ येतात. प्रत्यक्षात झाले ९४. हंगाम संपल्यावर हा हिशेब मी त्यांना करून दाखवला आणि पाचएक विजय नशिबाचे आहेत, असे म्हणालो. “असतील,” ते म्हणाले, “वीस वर्षांचे थकले होते.”

परंतु हंगाम संपण्यापूर्वीचा सप्टेंबर महिना कठीण गेला. १६२ चा निम्मा आकडा ८१. ३ सप्टेंबरला मिलवॉकी येथे संघाने ८१ वा विजय मिळवला. आता हंगाम तोट्यात जाणे अशक्य झाले. विजयी हंगामासाठी आणखी एकच सामना हवा होता. त्यानंतर ते सलग चार सामने हरले. त्या चार दिवसांत आमच्या गल्लीत ‘अजून’ हा शब्द मी जितक्यांदा मनात भाषांतरित केला, तितक्यांदा एरवी वर्षभरातही केला नसेल. ‘अजून जिंकले नाहीत’ या वाक्यात ‘अजून’ हा शब्द नकाराच्या आत एक अपेक्षा दडवून ठेवतो. तो काढून टाका, केवळ बातमी उरते. शेजारच्या घरातले दूरध्वनी पुन्हा आखूड झाले होते.

९ सप्टेंबरचा सामना टेक्सासमध्ये होता. मुलाने तिकीट काढले होते, हे त्यांनी मला सामना सुरू झाल्यावर सांगितले, आधी नाही; दृष्ट लागण्याची कल्पना अनेक संस्कृतींत असते. गेरिट कोल हा तेवीस वर्षांचा पिचर यू दार्विशविरुद्ध मारा करत होता. सामना १-० असा संपला. एकच धाव. वीस वर्षे आणि एक धाव! रेडिओवरचा निवेदक काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही, कारण दूरध्वनी खणाणला, आणि पलीकडे मैदानातला गोंगाट होता. ते दोघे काही बोलले असतील असे वाटत नाही. त्यांनी रिसीव्हर बराच वेळ कानाशी धरला होता. मी उठून घरी आलो.

१ ऑक्टोबरला बाद फेरीचा सामना सिनसिनाटीविरुद्ध घरच्या मैदानावर झाला. चाळीस हजारांवर प्रेक्षक, बहुतेक काळ्या पोशाखात, सिनसिनाटीच्या पिचरचे क्वेटो हे नाव लांबवून, दोन तुकडे करून एका सुरात पुकारत होते. संबोधनाचा उपयोग शस्त्रासारखा होऊ शकतो, हे मी त्या दिवशी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले : चेंडू त्याच्या हातून निसटून जमिनीवर पडला आणि त्यापुढच्याच चेंडूवर मार्टिनने होम रन मारला. पायरेट्सने तो सामना ६-२ असा जिंकला. पुढच्या फेरीत सेंट लुईसने त्यांना तीन विरुद्ध दोन सामन्यांनी हरवले आणि थोड्याच दिवसांत मी भारतात परतलो.

पुढचे तितकेसे सुखाचे नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये संघ पुन्हा बाद फेरीत पोहोचला आणि दोन्ही वर्षी पहिल्याच सामन्यात, एकही धाव न काढता, बाहेर पडला. २०१५ मध्ये तर त्यांनी ९८ सामने जिंकले होते. मग ओघ उलटा फिरला. २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांत शंभर किंवा अधिक पराभव झाले. इतर संघांनीही क्षेत्ररक्षकांच्या त्याच युक्त्या आत्मसात केल्या होत्या. एकट्याची विद्या फार काळ एकट्याची राहत नाही. २०२३ मध्ये ७६ विजय. २०२४ मध्येही नेमके ७६.

त्या गृहस्थांची ई-पत्रे अद्याप येतात, मुलाच्या पत्त्यावरून. डोळ्यांमुळे ते आता टेक्सासमध्ये मुलाकडेच राहतात आणि मजकूर सांगून लिहवून घेतात. २०२४ च्या मे महिन्यात पॉल स्कीन्स हा तरुण पिचर संघात आला, तेव्हा एक लांबलचक पत्र आले होते. हंगाम संपल्यावर दुसरे, दोनच ओळींचे : दोन वर्षे ७६ वरच अडलो, पण हा मुलगा दर पाचव्या-सहाव्या दिवशी चेंडू टाकणार आहे. खाली मुलाने स्वतःची एक ओळ जोडली होती, वाक्याचा क्रम उलटा करून.

पिट्सबर्गमधला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. मी त्या वेळी उठलेला असतोच. चहा उकळेपर्यंत पहिला डाव पाहून होतो.