भागीदार, वाटेकरी, फ्स्पूल्निक

गेल्या पावसाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी.ए.ला त्याने आमच्याकडे मराठी घेतले होते. आता दिंडोरी तालुक्यात वडिलांची द्राक्षबाग सांभाळतो. हातात एक मसुदा होता. डाव्या रकान्यात पोलिश, उजव्या रकान्यात इंग्रजी. पोलंडमधला एक फळांचा व्यापारी त्याला म्हणत होता की नुसता माल काय पाठवतोस, इथे आपण दोघे मिळून कंपनी काढू. शेवटच्या पानावर कलम होते : दोन्ही पाठांत तफावत आढळल्यास पोलिश पाठ प्रमाण.

"मॅडम, इंग्रजी बाजू वकिलांनी वाचलीय. पण खरं काय ते डाव्या बाजूला आहे. तुम्ही दोघं भाषेची माणसं."

भाषेची माणसे म्हणजे कोणत्याही भाषेची, असा त्याचा समज असावा. पोलिश लोकांविषयी आमची माहिती एवढीच, की दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. तरीही आम्ही हो म्हटले. शब्दकोश आणला आणि रोज संध्याकाळी चार-पाच शब्द, असा दोघांचा अभ्यास सुरू झाला. चाळिशी ओलांडल्यावर नवी भाषा शिकणे काहीसे हास्यास्पद असते, त्यातून तिची सुरुवात नमस्काराने न होता नफ्या-तोट्याने व्हावी हे अधिकच. नफा म्हणजे 'झिस्क', तोटा म्हणजे 'स्त्राता'.

पहिला धक्का सुखाचा होता. कंपनीतल्या हिश्शाला पोलिशमध्ये 'उज्याऊ' म्हणतात. त्यामागे वाटणे, विभागणे हा धातू आहे. आपल्या 'भागा'मागेही तोच व्यवहार. श्रीमंत माणसाला ते 'बोगाती' म्हणतात आणि तो शब्द आपल्या 'भाग', 'भाग्य' यांच्याच कुळातला. कराराला 'उमोवा', त्यात बोलणे दडलेले आहे. आपल्याकडे द्राक्षांच्या सौद्यात 'बोली झाली होती' असे म्हणतात, ते आठवले. मात्र त्यांच्या बोलीखाली सह्या असतात. आमच्या जिल्ह्यात बोलीवर माल उचलून नंतर फोन न उचलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या बातम्या दर हंगामात छापून येतात.

भागीदाराला शब्द आहे 'फ्स्पूल्निक'. 'सामाईक' या अर्थाच्या शब्दापासून तो झाला आहे. शब्दकोशात त्याचा दुसरा अर्थही दिला होता : गुन्ह्यातला साथीदार. आम्ही दोघेही हसलो, कारण मराठीतही तेच आहे. 'साथीदारासह अटक' हा मथळा सगळ्यांच्या परिचयाचा. त्याहून जुना 'वाटेकरी'. वाल्या कोळ्याने घरच्यांना विचारले, माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल का? बायकामुलांनी नाही म्हटले. लुटीचा हिस्सा घरात येत होता तोवर कोणी हिशेब मागितला नव्हता.

खरा मुक्काम पडला तो 'ओत्पोव्येज्याल्नोश्च' या शब्दापाशी. उच्चार नीट जमायलाच आठवडा गेला. अर्थ दायित्व, जबाबदारी. फोडून पाहिला तर आत 'उत्तर' निघाले. आपल्या 'जबाबदारी'त जबाब आहे, 'उत्तरदायित्वा'त उत्तर आहे. विचारणारा आला की तोंड द्यायचे, हीच कल्पना तिन्हींत. विद्यार्थ्याच्या नियोजित कंपनीचा प्रकार होता 'मर्यादित जबाबदारीची स्पूव्का'. त्यातल्या 'मर्यादित' या शब्दात 'ग्रानित्सा', म्हणजे सीमा आहे. कंपनीच्या कर्जाला भागीदार आपल्या घरादारानिशी बांधील नाही. उत्तर द्यायचे, पण कुंपणापर्यंतच. पोलिश कायद्यानुसार अशा कंपनीला किमान भांडवल लागते पाच हजार झ्वोती.

हे त्याला समजावून सांगताना त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मी सुरक्षित."

आम्हीही मान डोलावणार होतो. पण मसुद्यातले माल उधारीवर देण्याचे कलम पुन्हा वाचले. एका कंटेनरात बारा-तेरा टन द्राक्षे जातात. कंपनी बुडाली तर कुंपणाच्या आत पाच हजार झ्वोती आणि कुंपणाबाहेर, पैशांची वाट पाहत उभा असलेला धनको म्हणजे हाच. भागीदार म्हणून तो सुरक्षित होता. बागाईतदार म्हणून उघडा. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली, तेव्हा तो शाळेत होता. वडिलांचा त्या वर्षीचा गप्पपणा त्याला आठवत होता.

बाहेरच्या पैशाला आमचा विरोध आहे असे नाही. १९९१ साली सहकारी संस्थांनीच मिळून 'महाग्रेप्स' ही भागीदारी संस्था काढली आणि युरोपची वाट धरली. मोहाडीच्या 'सह्याद्री फार्म्स'मध्ये २०२२ साली युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीचे सभासद उत्पादकच असू शकतात. तो पैसा आला तिच्या उपकंपनीत. कोण कुठवर आत येणार हे तिथे आधी ठरले होते. मराठीत गुंतवणूक म्हणजे गुंतणे. पोलिशमध्ये मात्र 'इन्व्हेस्तोर' लॅटिनमधून आलेला, मुळात वस्त्र चढवणारा. वस्त्र काढून ठेवता येते.

आणखी एक शब्द यादीत होता, तो आम्ही दोघांनीही काही दिवस टाळला : 'चिही फ्स्पूल्निक', गप्प भागीदार. पैसे घालणारा, कारभारात नसणारा. इंग्रजीत तो झोपलेला असतो, पोलिशमध्ये जागा असून गप्प.

वीस-एक वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर आम्ही पुस्तके काढायला घेतली होती. तिघांचा उपक्रम, कागद काही नाही, सगळी बोली. धावपळ त्याची, आमचे पैसे आणि मुखपृष्ठावरची मते. चार पुस्तकांनंतर छापखान्याचे चौऱ्याऐंशी हजार थकले. छापखानेवाला त्याच्या दारात उभा राहू लागला. त्याने आम्हाला विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो की आम्ही फक्त भांडवल घातले होते आणि ते बुडाले. आमचा तोटा झालाच की. वाक्य व्याकरणशुद्ध होते. मित्राने दुचाकी विकली, पत्नीच्या बांगड्या मोडल्या आणि सगळी रक्कम फेडली. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. आपण व्यवहारात भोळे, असेच आम्ही स्वतःला सांगत आलो.

विद्यार्थ्यासाठी तुलना करायची म्हणून आपला १९३२चा भागीदारी कायदा उघडला. कारभारात नसलेला भागीदारही संस्थेच्या देण्याला पूर्ण बांधील. हिस्से ठरले नसतील, तर नफा सारखा आणि तोट्याचा भारही सारखा. इथे कुंपण नाही. ते हवे असणाऱ्यांसाठी २००८ साली निराळा कायदा झाला.

विद्यार्थ्याने पुढे तिकडच्या वकिलाकडून मसुदा तपासून घेतला आणि भागीदारी नाकारली. निम्मी रक्कम आगाऊ घेऊन माल पाठवायचे ठरले आहे. पेढे घेऊन आला तेव्हा म्हणाला, "तुमच्या त्या लांबलचक शब्दाने वाचवलं, सर."

तो गेल्यावर आम्ही शब्दांची वही आवरायला घेतली. आपसांत कधी तो विषय निघाला, तर आम्ही मनातल्या मनात निम्मी रक्कम धरत होतो : एक बाजू मित्राची, एक आमची. पण भागीदार तिघे होते आणि त्यांतले दोघे आम्ही. वहीच्या शेवटच्या पानावर छप्पन्न हजार हा आकडा लिहिला. मित्राचा जुना फोन नंबर लागत नाही. पंचवटीतले घर त्याने बदललेले नाही, असे कळते.