दावणीचा हिशेब

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागले, की हडपसर आणि लोणी काळभोर मागे टाकीत सुमारे तीस किलोमीटरवर उरुळी कांचन येते. शहरातल्या माणसाला हे गाव ठाऊक असते ते तिथल्या निसर्गोपचार आश्रमामुळे. आयुष्यभर तूप-साखरेशी इमान राखलेली मंडळी इथे दाखल होतात आणि आठवडाभर उकडलेल्या भाज्या खाऊन, दोन-तीन किलो वजन व थोडासा अहंकार गावातच ठेवून परत जातात. माझे एक ज्येष्ठ स्नेही असेच तिथे गेले होते. त्यांना भेटायला मी पोचलो, तो ते पोटावर मातीची पट्टी घेऊन मौनात पडलेले. त्यांना बोलता येईना आणि मला हसता येईना. तासाभराने येतो, अशी खूण करून मी बाहेर पडलो आणि मळ्यांच्या दिशेने चालू लागलो.

आश्रमाइतकेच या गावाचे नाते गाईशीही आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी इथे आले, त्यांनी खेडुतांवर साधे उपचार सुरू केले आणि ते काम मणिभाई देसाई या विशीतल्या गुजराती तरुणाच्या हाती सोपवले. मणिभाई विज्ञानाचे पदवीधर. मनात आणते तर शहरात सुखाने नांदते. पण त्यांनी उरुळीलाच आपले गाव मानले. उपचारांच्या जोडीला शेती आली, गीर गाईंचा कळप उभा राहिला. १९६७ साली त्यांनी 'बाएफ' ही संस्था काढली. गावठी गाईला होल्स्टीन किंवा जर्सीचे कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात जाऊन करायचे आणि तिची पुढची पिढी दुधाळ करायची, हे या संस्थेने गावोगावी नेलेले काम. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९३ साली ते गेले. गोपूजा करणारे आपल्याकडे पुष्कळ. गाईचा हिशेब मांडणारे थोडे, आणि मणिभाई त्या थोड्यांतले.

असे काहीबाही आठवीत चाललो असताना रस्त्याकाठी एक गोठा दिसला. गोठा म्हणजे नाकाला रुमाल, ही माझी समजूत. इथे मात्र वासच नव्हता. कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत, लिंबाच्या सावलीत चार गाई सुट्या बसल्या होत्या. दोन काळ्या-पांढऱ्या संकरित, दोन लांब कानांच्या गीर. एकीच्याही गळ्यात दावे नव्हते.

"या सर, आत या," गोठ्यातून आवाज आला. कपाळावर मी प्राध्यापक असल्याचे लिहिलेले असते की काय, कोण जाणे! साठीकडे झुकलेले ते गृहस्थ. वस्तीवर सगळे त्यांना दादा म्हणतात. मी दाव्याचे विचारताच ते म्हणाले, "बांधलेल्या जनावराला पाणी आपल्याला वाटंल तवा मिळतं. सुट्टं असलं की त्याला वाटंल तवा. दूध त्यातनंच येतं की!"

चहा आला. "गॅस घरचाच हाय," दादांनी अभिमानाने सांगितले आणि मागच्या बाजूचा घुमट दाखवला. चार गाईंचे रोज पन्नासेक किलो शेण निघते. तितकेच पाणी मिसळून ते आत सोडले, की दोन घनमीटर गॅस मिळतो आणि घरचा स्वयंपाक होतो. उरलेली राळ पाटाने हत्तीगवताला जाते आणि गवत पुन्हा गाईंच्या पुढ्यात येते. मका चिकात असतानाच कापून, कुट्टी करून, पिशव्यांत हवा राहणार नाही असा दाबून ठेवतात. दीड महिन्याने मुरघास तयार होतो आणि उन्हाळ्याची चिंता मिटते.

"हे सगळं पहिल्यापासून?" मी विचारले.

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "न्हाई. पयल्यांदा बारा गाया होत्या. कर्जाच्या."

२०१८ साली पावसाने दगा दिला. अडीच एकरांच्या रानात बारा जनावरांचा चारा कुठून निघणार? उसाचे वाढे विकत, कडबा विकत, पेंड उधार. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार हाती यायचा आणि संध्याकाळपर्यंत पेंडवाल्याकडे पोचायचा. शेवटी आठ गाई बाजारात न्याव्या लागल्या. "गाडीत चढंनात. म्या हात लावला तवा चढल्या," एवढे सांगून दादा उठले आणि उगाचच गव्हाणीतला चारा सारखा करू लागले.

त्यानंतर त्यांनी एक नेम केला. जितका चारा आपल्या रानात, तितकीच जनावरे आपल्या दारात.

मला हा नेम ऐकून फार बरे वाटले. शहरातल्या माणसाला दुसऱ्याचा संयम नेहमीच आवडतो. पण चहाचे कप उचलायला आलेल्या दादांच्या कारभारणीने मला जमिनीवर आणले. "यांचं खरं हाय, सर. पर पोराचंबी खोटं न्हाई. चार गायांवर त्याला पोरगी कोण देतंय?"

पोरगा पलीकडे कडबाकुट्टी चालवत होता. शेतीची पदविका घेतलेला, पंचविशीचा. त्याला वीस गाई हव्या आहेत. गेले वर्षभर बापलेकांत यावरून धुसफूस चालली होती. यंत्र थांबवून तो जवळ आला आणि म्हणाला, "सर, दादा म्हणतात, पाचवी गाय आणायची तर आधी तिचा चारा दाखव. मग मी दहा गुंठे ऊस मोडून घास लावला."

"उसाचं पैसं बांधलेलं असतंय," दादा पुटपुटले. "ते मोडताना पोटात गोळा आला." आणि मग, हळूच, "पर मोडू दिला."

पाचवी गाय बाजारातून येणार नव्हतीच. कोपऱ्यात एक गीर कालवड उभी होती. घरच्याच गाईची. घास वाढेल तशी तीही वाढेल. वीस गाईंचे काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण बाप आणि मुलगा आता एकाच वहीत हिशेब मांडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले.

निघताना बाई म्हणाल्या, "वसुबारसेला वहिनींना घेऊन या. तुमच्याकडं पाटावरची गाय पुजत्यात ना? हितं खरी हाय." मी ओशाळून हसलो. पिशवीतले दूध रुपयाने महागले, की घरात पहिला आवाज माझा चढतो, हे त्यांना ठाऊक नव्हते म्हणून बरे.

आश्रमात परतलो तेव्हा स्नेह्यांचे मौन संपले होते. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले, नाक फेंदारले आणि विचारले, "चहा पिऊन आलास? दुधाचा?"

मी मान डोलावली. आता मौनाची पाळी माझी होती.