नॉर्मन ब्रेस्लो आणि विरळ गटांची अडचण

जैवसंख्याशास्त्रज्ञ नॉर्मन ब्रेस्लो यांच्या संशोधनाच्या मुळाशी एक अडचण सतत दिसते: गट पुष्कळ, आणि प्रत्येक गटात माणसे दोन-चार. जुळवलेल्या जोड्या, अनेक रुग्णालयांतून आलेले थोडे थोडे रुग्ण, एकेका घरातली भावंडे, अशा कितीतरी रूपांत ती समोर येते. जैवसंख्याशास्त्रात काम करणाऱ्याला ती टाळता येत नाही. ब्रेस्लो चाळीसहून अधिक वर्षे तिच्या मागे राहिले.

त्यांचा जन्म 1941 मध्ये मिनीॲपोलिसला झाला. वडील लेस्टर ब्रेस्लो हे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यक्षेत्रातले मोठे नाव. रीड कॉलेजात गणित आणि 1967 मध्ये स्टॅनफर्डची पीएच.डी. झाल्यावर ते सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये आले आणि तिथलेच झाले. 1983 ते 1993 ते जैवसंख्याशास्त्राचे विभागप्रमुख होते. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विल्म्स ट्यूमर अभ्यासाची संख्याशास्त्रीय बाजू त्यांनी कित्येक दशके सांभाळली. विल्म्स ट्यूमर हा लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा दुर्मीळ कर्करोग. एकेका रुग्णालयाकडे इतके थोडे रुग्ण येतात की त्यावरून काही ठरवता येत नाही. आज अमेरिकेत अशी दहातली सुमारे नऊ मुले वाचतात. त्याचे श्रेय शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांना आहेच. पण कोणत्या मुलाला कमी उपचार पुरतील हे सांगायला धीराने केलेला हिशेब लागला.

1972 ते 1974 ही वर्षे त्यांनी फ्रान्समधल्या ल्योनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत काढली. कर्करोगाची कारणे शोधताना जुळवलेल्या केस-कंट्रोल अभ्यासांचा, म्हणजे रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचा, प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एका रुग्णामागे त्याच वयाचा, त्याच भागातला एक निरोगी माणूस घेतला आणि प्रत्येक जोडीसाठी वेगळा स्थिरांक ठेवून साधे लॉजिस्टिक रिग्रेशन चालवले, तर ऑड्स रेशोचा, म्हणजे एखाद्या घटकाचा रोगाशी किती संबंध आहे ते सांगणाऱ्या गुणोत्तराचा, चक्क वर्ग होतो. खरा 2 असेल तर उत्तर 4 कडे जाते, 3 असेल तर 9 कडे. जोड्या शंभर असोत की लाख, चूक कमी होत नाही, कारण प्रत्येक नव्या जोडीबरोबर एक नवा अज्ञात स्थिरांकही येतो आणि त्याचा अंदाज दोनच माणसांवरून करावा लागतो. इथे नमुना वाढवा हा नेहमीचा सल्ला निरुपयोगी ठरतो.

सुटका कंडिशनल लाइकलिहूडमध्ये आहे. जोडीतला एक जण रुग्ण आहे हे गृहीत धरून, तो दोघांपैकी कोण असण्याची शक्यता किती, एवढेच विचारले की जोडीचा स्थिरांक समीकरणातून गळून पडतो. ब्रेस्लो आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ही पद्धत अनेक घटकांसाठी वापरण्याजोगी करून दिली. 1980 मध्ये निकोलस डे यांच्याबरोबरचा केस-कंट्रोल अभ्यासांवरचा ग्रंथ आला. त्यातली ब्रिटनीमधल्या अन्ननलिकेच्या कर्करोगाची आकडेवारी (200 रुग्ण, 775 कंट्रोल) विद्यार्थी आजही सोडवतात.

सगळ्या गटांचा मिळून एक ऑड्स रेशो देणारा मँटेल-हेन्झेलचा 1959 चा अंदाजक विरळ गटांच्या अडचणीतही टिकतो, पण त्याची अनिश्चितता किती, याचे समाधानकारक सूत्र बराच काळ नव्हते. रॉबिन्स, ब्रेस्लो आणि ग्रीनलँड यांनी 1986 मध्ये ते दिले. गट थोडे आणि मोठे असोत, किंवा असंख्य आणि चिमुकले, सूत्र तेच चालते. ब्रेस्लोंच्या कामातले सर्वात देखणे काम कदाचित हेच.

रुग्ण किती काळ जगतात याचे आपले मॉडेल संख्याशास्त्रज्ञ कॉक्स यांनी 1972 मध्ये मांडले तेव्हा झालेल्या चर्चेत ब्रेस्लोंनी लागोपाठच्या मृत्यूंमधल्या काळात मूळ धोका स्थिर मानून त्याचा अंदाज काढून दाखवला. एकाच वेळी नोंदलेल्या मृत्यूंसाठीचे त्यांचे सूत्रही याच काळातले. ब्रेस्लोंचे नाव सॉफ्टवेअरमध्ये जिथे रोज दिसते ते हे दुसरे सूत्र. मात्र असे मृत्यू फार असले तर एफ्रन यांचे सूत्र सरस ठरते. ब्रेस्लोंची खरी देणगी मूळ धोक्याचा अंदाज ही आहे.

1993 मध्ये डेव्हिड क्लेटन यांच्याबरोबरच्या लेखात त्यांनी गटांचे परिणाम यादृच्छिक मानून गणित आटोक्यात आणणारी सन्निकट रीत मांडली. ती झपाट्याने पसरली. परंतु होय-नाही स्वरूपाच्या उत्तरांत, गट लहान असले की, ही रीत गटागटांतला फरक कमी दाखवते. 1995 मध्ये शीहाँग लिन यांच्याबरोबर ब्रेस्लोंनी स्वतःच हा दोष मोजला आणि दुरुस्ती सुचवली. आता सॉफ्टवेअर एका आज्ञेत उत्तर देते, आणि गटात किती माणसे होती हे न पाहता ते अनेकदा छापले जाते. ही घसरण गंभीर आहे.

उत्तरकाळात त्यांचे लक्ष दोन टप्प्यांच्या नमुन्यांकडे वळले. विल्म्स अभ्यासात पेशींचे निदान स्थानिक डॉक्टर करत आणि मध्यवर्ती तज्ज्ञ ते पुन्हा तपासत. तज्ज्ञांची तपासणी अधिक अचूक, पण खर्चिक. ती सगळ्यांऐवजी काहींचीच करायची झाली, तर रोग उलटलेली मुले आणि स्थानिक निदानात धोकादायक पेशी आढळलेली मुले जास्त प्रमाणात निवडावीत, आणि निवडीचे प्रमाण विश्लेषणात भारांकाने भरून काढावे. 1988 पासून सुरू झालेला हा धागा 2007 मध्ये जॉन वेलनर यांच्याबरोबर त्यांनी कॉक्स मॉडेलपर्यंत नेला. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले.