बसलं म्हणजे जुळलं असं नव्हे

माझी आत्या देवासला असते. 1974 साली बेळगावातून लग्न होऊन गेली आणि माळव्याचीच झाली. देवास म्हटलं की आपल्याकडच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींना कुमार गंधर्व आठवतात. सुळेभावीत जन्मलेले कुमारजी क्षयाच्या दुखण्यामुळे 1948 मध्ये हवापालटासाठी देवासला गेले आणि 1992 मध्ये त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. आत्या गमतीने म्हणते, “बेळगावकडचे आम्ही दोघे इथे रुजलो. ते गाण्याने, मी पोळ्या लाटून.”

2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. पोचले तेव्हा घरात फराळाचा वास होता, पण सगळ्यांचे चेहरे उतरलेले. धारला दिलेल्या माझ्या आतेबहिणीचा मुलगा, म्हणजे आत्याचा नातू, हॉलमध्ये जमिनीवर बसला होता. त्याच्यासमोर काकांचा संगणक पोट उघडून पडला होता.

“मावशी, पंखा फिरतो, लाइट लागतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही,” तो म्हणाला. बटण दाबलं की पंखा फिरे, काही क्षणांत थांबे आणि आपोआप पुन्हा फिरे.

झालं होतं असं. 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज 11 घ्यावं, तर संगणकावर संदेश आला की हा प्रोसेसर चालणार नाही. काकांचा प्रोसेसर इंटेलचा, सहाव्या पिढीचा होता. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. नातू इंदूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. आजीला दिवाळीची भेट म्हणून त्याने एका दुकानातून आठव्या पिढीचा जुना प्रोसेसर आणला आणि बदल्यात काकांचा प्रोसेसर देऊन टाकला. नवा बरोबर खाचेत बसला, झाकण लागलं, खटका पडला. पण संगणक काही बोलेना.

आत्या काही बोलत नव्हती. रात्री मागची आवराआवर करताना तिने हळूच विचारलं, “आईचा आवाज गेला का गं?”

तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. माझ्या आजीचं माहेर बैलहोंगलकडचं. घरात मराठी, पण नातवंडांना झोपवायची ती कन्नडमधूनच. 1985 च्या सुमारास काका बेळगावला आले असताना त्यांनी आजीची जोगुळं कॅसेटवर उतरवून घेतली होती. पुढे कॅसेटींना बुरशी लागायला लागली, तेव्हा काकांनी त्या धडपड करून संगणकात भरल्या. काका गेले. कॅसेटीही गेल्या. राहिला तो एवढाच आवाज. देवासात आत्याशी कन्नड बोलणारं दुसरं कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या सरांना फोन लावला. मी इतिहास शिकवणारी बाई, पण दरवर्षी निकालाच्या दिवसांत लॅबमध्ये बसून त्यांची कामाची पद्धत पाहिलेली आहे. ते कधी घाई करत नाहीत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, आधी सांगा, काय वाचवायचं आहे? संगणक, की त्यातलं काही?”

मी आजीच्या आवाजाचं सांगितलं. “मग प्रोसेसरचा विषय बाजूला ठेवा,” ते म्हणाले. “आवाज हार्ड डिस्कमध्ये असतो. प्रोसेसर बदलला म्हणून तो पुसला जात नाही. डिस्क काढा आणि यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावा. फक्त ती कुलूपबंद केलेली, म्हणजे बिटलॉकर लावलेली असेल, तर त्याची किल्ली लागेल.”

नातवाने बाजारातून जोडणी आणली. डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली. कुलूप नव्हतं. काकांच्या नीटस स्वभावाप्रमाणे फोल्डरचं नाव होतं, ‘सासूबाई’. आम्ही आधी ते सगळं लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि नातवाच्या फोनवर उतरवून घेतलं. मगच ऐकलं. आजीचा आवाज जरा घोगरा, मागे आमच्या बेळगावच्या घरातली भांड्यांची आदळआपट आणि एका लहान मुलीची भुणभुण. ती भुणभुण माझी आहे, असं आत्याने सांगितलं. ती ऐकत होती आणि पदराने चष्मा पुसत होती.

जीव भांड्यात पडला. मग संगणकाकडे वळलो. सरांनी फोनवरून एकेक पायरी सांगितली. वीज पूर्ण काढा. मॉनिटरची वायर बघा. मदरबोर्डला प्रोसेसरसाठी वेगळी चार किंवा आठ पिनांची वीजजोडणी असते, ती बसली आहे का बघा. रॅमची एकच पट्टी ठेवून पाहा. नाण्याएवढी गोल बॅटरी काही मिनिटं काढून परत बसवा, म्हणजे बायोसच्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. प्रोसेसर उचलून सॉकेटमधल्या बारीक पिनांत एखादी वाकली आहे का, ते टॉर्चने बघा. सगळं केलं. पंख्याचं तेच, फिरणं आणि थांबणं.

“आता मदरबोर्डवर छापलेलं नाव वाचा,” सर म्हणाले. नातवाने ‘एच 110’ असं वाचलं आणि पलीकडून सर हसलेच.

त्यांनी सांगितलं ते असं. सहाव्या आणि सातव्या पिढीचं सॉकेट एलजीए 1151. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली, तिचंही सॉकेट एलजीए 1151 च. पिना तेवढ्याच, आकार तोच, खाचाही त्याच. पण कोणत्या पिनेने काय करायचं, हे आत बदललेलं. वीज देणाऱ्या पिना 128 होत्या, त्या 146 झाल्या. त्यामुळे आठव्या पिढीला 300 मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एच 110 हा 100 मालिकेतला. सातव्या पिढीचा प्रोसेसर असता तर बायोस अपडेट करून बहुधा भागलं असतं, पण आठव्याला ते पुरत नाही. म्हणून घेण्याआधी मदरबोर्ड बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसरांची यादी बघायची आणि प्रत्येक नावापुढे कोणतं बायोस लागतं, तेही बघायचं.

नातू हिरमुसला. “पण मावशी, बसला होता ना बरोबर!”

मला देवासचीच गोष्ट आठवली. पवार घराण्यातले तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ, त्यांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. गाव एकच, टेकडी एकच, पण राज्यं दोन, राजे दोन, कारभार दोन. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता, त्याला या प्रकाराचं मोठं नवल वाटे. 1948 मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. मी नातवाला म्हटलं, “एका पातीचा हुकूम घेऊन तू दुसऱ्या पातीच्या कचेरीत गेलास. गाव तेच, म्हणून काम होईल असं वाटलं.” तो पहिल्यांदा हसला.

हौशी लोक काही पिनांना चिकटपट्टी लावून आणि बायोसमध्ये फेरफार करून अशी जोडी चालवतात, हेही त्याने कुठेतरी पाहिलं होतं. आत्याने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “दामटून बसवू नकोस रे बाबू. माणसं नाही टिकत तशी, हे तर यंत्र.” आमच्या घरात कन्नड बोलणारी सून आणि मराठी बोलणारी सासू वर्षानुवर्षं एका चुलीवर नांदल्या, त्या कुणी दामटून बसवल्या म्हणून नव्हे. दोघींनी एकमेकींची भाषा शिकून घेतली. यंत्राला तसं शिकता येत नाही. त्याची यादी आपणच वाचावी लागते.

एक शंका उरली होती. या खटपटीत काकांचा मदरबोर्ड तर बिघडला नसेल? भाऊबीजेला आम्ही तो सोबत घेऊन इंदूरमार्गे धारला गेलो. आतेबहिणीकडे सहाव्या पिढीचाच एक जुना संगणक होता. ओवाळणी झाली, जेवणं झाली आणि नातवाने त्यातला प्रोसेसर जपून काढून काकांच्या मदरबोर्डवर बसवला. बटण दाबलं. क्षणभर काळोख, मग स्क्रीनवर संदेश आला की प्रोसेसर बदललेला आहे, सेटअपमध्ये जाऊन नोंदी तपासा. त्या संदेशाचा इतका आनंद मी कधी कुणाला झालेला पाहिला नव्हता. मदरबोर्ड ठणठणीत होता. दोष कुणातच नव्हता, नुसती जोडी चुकली होती.

परत येताना इंदूरला 300 मालिकेचा वापरलेला मदरबोर्ड मिळाला. जुनी रॅम डीडीआर 4 असल्याने तीच चालली. बायोसमध्ये पीटीटी नावाचा सुरक्षेचा पर्याय सुरू करावा लागला, कारण विंडोज 11 ला तो लागतो. काकांची डिस्क मात्र आम्ही संगणकात परत घातली नाही. ती आता आत्याच्या कपाटात, रेशमी साड्यांच्या घडीत आहे.

निघायच्या आदल्या रात्री नव्या संगणकावर आजीचं जोगुळ लागलं होतं. नातवाने विचारलं, “आजी, याचा अर्थ काय?” आत्या अर्थ सांगायला लागली, आधी मराठीत, मग त्याला कळावं म्हणून मध्येच हिंदीत. एका शब्दाला ती अडली. माझ्याकडे बघून म्हणाली, “तू सांग गं, मी विसरले.”

मलाही तो शब्द आठवेना. घरी आल्यावर शेजारच्या अज्जींना विचारला आणि लगेच देवासला फोन केला.