‘केवळ’ या शब्दापाशी अडलेला पिकअप

पुणे

चि. भाच्यास,

पिकअप या नावाने ओळखले जाणारे वाहन कायद्याच्या दृष्टीने घरची मोटार ठरते की मालवाहू गाडी, हा चिरंजीवांनी विचारलेला प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. पुढे केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्याला खाली उतरणारा फाळका अशी या वाहनाची साधी ओळख असली, तरी केबिनमध्ये आसनांच्या दोन रांगा आणि चार दरवाजे आले की त्याच गाडीत पाच माणसांचे कुटुंब बसू शकते. मग ती गाडी कोणाची, माणसांची की मालाची, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. दुहेरी केबिनचा पिकअप घ्यावा, तो आंब्याच्या बागेलाही उपयोगी पडावा आणि घरच्यांनाही त्यातून फिरता यावे, हा चिरंजीवांचा विचार मुळात चुकीचा नाही. मात्र त्याला पांढरी पाटी, म्हणजे खासगी मोटारीची नोंदणी, मिळेल का आणि मिळाली तर ती शोभेल का, हे दोन निराळे प्रश्न असून पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले, असे समजण्याची चूक सर्रास होते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. बोलण्यात ‘प्रायव्हेट’ आणि ‘कमर्शियल’ अशी जोडी रूढ असली, तरी मोटार वाहन अधिनियम, 1988 हा ‘परिवहन वाहन’ आणि परिवहन वाहन नसलेले वाहन अशी विभागणी करतो. कलम 2(47) प्रमाणे परिवहन वाहनात सार्वजनिक सेवा वाहन, मालवाहू वाहन, शैक्षणिक संस्थेची बस आणि खासगी सेवा वाहन हे चारच प्रकार मोडतात. ‘मोटारगाडी’ची कलम 2(26) मधील व्याख्या तर उरलेल्यांची मोट बांधणारी आहे: परिवहन वाहन, ऑम्निबस, रोडरोलर, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि अपंग व्यक्तीसाठीचे वाहन वगळता जे राहील ते मोटारगाडी होय. म्हणजे पिकअप ही मोटारगाडी आहे, असे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागत नाही; ती मालवाहू वाहन नाही एवढे ठरले की ती आपोआप मोटारगाडीच्या रकान्यात येते.

मग मालवाहू वाहन म्हणजे काय, याचे उत्तर कलम 2(14) देते आणि त्या उत्तराचे दोन भाग आहेत. केवळ मालाच्या वाहतुकीसाठी बांधलेले किंवा तसे रूपांतर केलेले वाहन हा पहिला भाग. आणि तसे बांधलेले नसले तरी मालाच्या वाहतुकीसाठी वापरले जात असताना कोणतेही वाहन, हा दुसरा. पहिला भाग बांधणीकडे पाहतो, दुसरा वापराकडे. पहिल्या भागातील ‘केवळ’ हा एक शब्द दुहेरी केबिनच्या पिकअपला पांढऱ्या पाटीचे दार उघडून देतो, कारण ज्या गाडीत मागच्या रांगेत तीन माणसांसाठी पक्की आसने आणि पट्टे कारखान्यातच बसवलेले आहेत, ती केवळ मालासाठी बांधली आहे असे म्हणणे अवघड आहे.

या शब्दाचा इतिहास चिरंजीवांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा, असा आहे. 1939 च्या जुन्या मोटार वाहन अधिनियमात मालवाहू वाहनाच्या व्याख्येत ‘केवळ मालासाठी किंवा प्रवाशांबरोबर मालासाठीही’ वापरलेले वाहन अशा अर्थाची शब्दरचना होती. म्हणजे मालाच्या गाडीत माणसेही बसतात, हे जुन्या कायद्याने गृहीत धरले होते. 1988 च्या कायद्याने प्रवाशांचा तो उल्लेख काढून टाकला आणि बांधणीच्या भागात ‘केवळ’ घातला. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नेमक्या याच बदलावर बोट ठेवले आणि मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्या माणसांच्या मृत्यूची अथवा दुखापतीची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, असे सांगून सत्पाल सिंग प्रकरणातील आधीचा उलट निर्णय रद्द ठरवला. 1994 च्या दुरुस्तीने कलम 147 मध्ये ‘मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी’ यांना संरक्षण मिळाले. पण हौद्यात बसून लग्नाला निघालेले वऱ्हाड किंवा शेतावरून परतणाऱ्या बायाबापड्या त्या संरक्षणाच्या बाहेरच राहिल्या. अशा प्रकारे ज्या ‘केवळ’मुळे दुहेरी केबिनला मोटारगाडी म्हणवून घेता येते, त्याच ‘केवळ’मुळे पिवळ्या पाटीच्या, म्हणजे मालवाहू म्हणून नोंदलेल्या, टेम्पोतल्या माणसाचे घर उघड्यावर पडू शकते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत टेम्पोच्या हौद्यातून माणसे नेणे इतके नित्याचे आहे, की कायद्याची ही बाजू अपघातानंतर न्यायाधिकरणाच्या दारातच प्रथम कळते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. पत्रलेखकाच्या मते पाटीच्या रंगाचा सारा विचार या एका गोष्टीपासून सुरू झाला पाहिजे. कर आणि टोल नंतर.

आता गाडी केवळ मालासाठी बांधली आहे की नाही, हे ठरवते कोण? प्रादेशिक परिवहन कार्यालयातील निरीक्षक गाडीभोवती फिरून, फाळका ठोकून पाहून ठरवतो, अशी जी समजूत आहे ती आता जुनी झाली. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 126 प्रमाणे प्रत्येक नव्या नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावी लागते. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक. या चाचणीनंतर मिळणाऱ्या मंजुरीला प्रकार-मान्यता म्हणतात. त्या वेळीच उत्पादक आपला नमुना प्रवासी गटात बसवतो की माल गटात, हे कागदावर येते. चालकाव्यतिरिक्त आठपर्यंत प्रवासी नेणाऱ्या वाहनांचा गट एम-1 आणि साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनांचा गट एन-1 म्हणून ओळखला जातो. पुढे नोंदणीचा अर्ज म्हणजे नमुना 20, विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना 21 आणि उत्पादकाचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना 22, ही सारी कागदपत्रे त्या मूळ मंजुरीच्या मागे चालतात. म्हणूनच आयसुझूचा व्ही-क्रॉस किंवा टोयोटाचा हायलक्स पांढऱ्या पाटीवर दिसतो आणि तशाच चार दरवाजांचा बोलेरो कॅम्पर पिवळ्या पाटीवर. दोन्हींत पाच माणसे बसतात, दोन्हींना हौदा आहे, पण त्यांची जन्मपत्रिका वेगवेगळी लिहिली गेली आहे.

गाडी घेतल्यावर तिचा वर्ग बदलून घेऊ, असे कोणी एजंट सांगत असल्यास त्यावर विसंबू नये. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील जुळणार नाही असा फेरफार करण्यास कलम 52 मनाई करते. हौद्यावर फायबरचे छप्पर बसवून माल गटातली गाडी मोटार होत नाही.

पांढऱ्या आणि पिवळ्या पाटीत व्यवहारात जो फरक पडतो, त्यातला बराचसा सर्वपरिचित आहे. मोटारगाडीची नोंदणी 15 वर्षे चालते. परिवहन वाहनाला मात्र योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतील ‘पासिंग’, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावे लागते. वाहतूक परवान्याची, म्हणजे ‘परमिट’ची, भीती मात्र अनेकदा अनाठायी असते, कारण एकूण भारित वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला कलम 66 मधून सूट आहे आणि बहुतेक लहान पिकअप त्यातच बसतात. चालकाच्या परवान्याचा जुना वाद 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मिटवला असून हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्यास 7,500 किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालवता येते. टोलच्या बाबतीत, 15 ऑगस्ट 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर सुरू झालेला, सुरुवातीला 3,000 रुपये किंमत ठरवलेला आणि एक वर्ष किंवा 200 फेऱ्यांपैकी जे आधी संपेल तोवर चालणारा फास्टॅगचा वार्षिक पास फक्त बिगरव्यावसायिक मोटार, जीप आणि व्हॅन यांच्यासाठी आहे. टोलनाके असलेल्या राष्ट्रीय महामार्गावरून वारंवार ये-जा करणाऱ्याला हा फरक खिशात जाणवेल. तरीही या रकमा जोडून पाटीचा रंग निवडणे हे आधी छत्री घेऊन मग पावसाची वाट पाहण्यासारखे आहे.

खरा पेच व्याख्येच्या दुसऱ्या भागात आहे. पांढऱ्या पाटीची मोटार मालाच्या वाहतुकीसाठी वापरली जात असताना कायद्याच्या नजरेत मालवाहू वाहन होते, हे वर आलेच. तेव्हा ‘माल’ कशाला म्हणायचे, हे पाहावे लागते. कलम 2(13) प्रमाणे जिवंत माणसे सोडून वाहनातून नेलेली जवळपास प्रत्येक वस्तू, गुरेढोरेसुद्धा, माल आहे. पण मोटारीतून नेलेले सामान, वैयक्तिक चीजवस्तू आणि प्रवाशांचे स्वतःचे सामान त्यातून वगळले आहे. ही वगळणी उदार आहे. मुलांच्या सायकली, गावच्या घरासाठी घेतलेली गादी, आजीची लाकडी पेटी, बागेत लावायची दोन-चार कलमे, गणपतीसाठी आणलेले मखर, हे सारे हौद्यात ठेवले म्हणून कोणाच्याही मनात शंका येण्याचे कारण नाही. मात्र आंब्याच्या हंगामात पहाटे फाळका टाकून साठ-सत्तर पेट्या रचल्या, वर ताडपत्री ओढली, दोराची गाठ मारली आणि गाडी वाशीच्या बाजार समितीकडे निघाली, की ते कुटुंबाचे सामान उरत नाही. पेट्या स्वतःच्या बागेतल्या असोत, भाडे कोणाकडून घेतलेले नसो, तो विक्रीचा माल आहे. स्वतःचा माल आहे म्हणून चालते, हा युक्तिवाद व्याख्येत कुठेही सापडत नाही, कारण व्याख्येत मालकीचा शब्दच नाही.

याला विम्याची जोड आहे आणि तीच अधिक गंभीर आहे. खासगी मोटारीच्या सर्वसाधारण विमापत्रात ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली एक छोटा परिच्छेद असतो, जो पावतीसोबत घडी घालून कपाटात जातो आणि सहसा वाचला जात नाही. भाड्याने देणे, शर्यत, वेगचाचणी यांच्यासोबतच नमुने किंवा वैयक्तिक सामान याखेरीज अन्य मालाची वाहतूकही त्या परिच्छेदाने संरक्षणाबाहेर ठेवलेली असते. परशुराम घाटात अशी भरलेली गाडी घसरली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारण्यास कंपनीला हा एकच परिच्छेद पुरेसा ठरू शकतो. पेट्यांची भरपाई तर त्या विमापत्राचा विषयच नव्हे.

या प्रश्नाला दुसऱ्या देशांनी दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत, विशेषतः अमेरिकेतील, कारण तेथे पिकअप हे घरोघरचे वाहन आहे. कॅलिफोर्नियात पिकअप मूलतः व्यावसायिक वाहन म्हणूनच नोंदला जातो आणि मालकाने त्यातून आयुष्यभर फक्त मुलांना शाळेत सोडले, तरी त्याला वजनावर आधारित शुल्क भरावे लागते. हौद्यावर राहण्याजोगी खोली कायमची जोडली, तरच तो वेगळ्या वर्गात जातो. तेथे बांधणीच सारे ठरवते. न्यूयॉर्क राज्याने उलट वाट धरली: रिकाम्या गाडीचे वजन 6,000 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 2,720 किलोपर्यंत असावे, वापर केवळ वैयक्तिक असावा आणि गाडीवर धंद्याचे नाव किंवा जाहिरात नसावी, एवढ्या अटी पाळल्यास तोच पिकअप प्रवासी वर्गात नोंदवता येतो. तेथे याला केवळ शुल्कापुरते महत्त्व नाही. न्यूयॉर्कभोवतालच्या पार्कवे नावाच्या जुन्या रस्त्यांवर व्यावसायिक वाहनांना बंदी असल्याने पाटी चुकली तर घरी जाण्याचा रस्ताच बदलतो. न्यूयॉर्कची पद्धत पत्रलेखकाला अधिक न्याय्य वाटते, कारण तीत मालकाकडून त्याच्या वापराचा शब्द घेतला जातो आणि त्या शब्दाची जबाबदारी त्याच्यावरच राहते. भारतात मात्र उत्पादकाने अमुक गटात मंजुरी घेतली म्हणून एका शेतकऱ्याच्या कुटुंबाला पिवळी पाटी आणि दुसऱ्याला तशाच गाडीवर पांढरी, ही विषमता राहते. नोंदणीच्या अर्जात वैयक्तिक वापराच्या प्रतिज्ञापत्राची सोय झाली, तर विक्रेत्यांच्या दुकानांतले निम्मे गोंधळ संपतील आणि हौद्यात कोण बसू शकते, हेही लोकांना नोंदणीच्याच दिवशी कळेल.

तशी सोय होईपर्यंत चिरंजीवांना घरापुरता पुढील दोनपैकी एकच मार्ग निवडावा लागेल. गाडी मुख्यतः माणसांसाठी असेल आणि हंगामातले सहा-सात आठवडे पेट्या गावातल्या टेम्पोवाल्याकडून पाठवण्याची तयारी असेल, तर पांढऱ्या पाटीवर मिळणारा पिकअप घ्यावा. बयाणा देण्याआधी विक्रेत्याकडून त्याच नमुन्याच्या आधी विकलेल्या गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे आणि ‘वाहन वर्ग’ या ओळीत मोटारगाडी लिहिले आहे की मालवाहू वाहन, ते स्वतः वाचावे. पेट्या त्याच गाडीतून न्यायच्या असतील, तर संकोच न करता पिवळी पाटी घ्यावी, मालवाहू विमापत्र घ्यावे, केबिनमधल्या पाचही आसनांची संख्या प्रमाणपत्रावर आणि विमापत्रावर जुळते ना, हे पाहावे, आणि ताईंनी तसेच मुलांनी केबिनमध्येच बसावे. हौद्यात कोणी बसू नये, अगदी वाडीपासून बसथांब्यापर्यंतच्या दोन किलोमीटरसाठीही नाही. ताईंना नमस्कार सांगावा, मुलांना आशीर्वाद.

कळावे.

मामा